सुईचं घर आणि कंपनीतली माणसं

गेले काही आठवडे भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे. भावाला फोनवर सांगितली, सासूबाईंना सांगितली, रथचक्र चौकातल्या भाजीवाल्या मावशींनाही सोडलं नाही. गोष्ट अशी, की डिझेल इंजिनाच्या नोझलमध्ये एक पोलादी सुई असते. ती ज्या घरात सरकते, त्या घरात आणि सुईत जेमतेम दोन-चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे केसाचे उभे वीस काप करा आणि त्यातला एक उचला, एवढीच ती फट! अशी कामं ज्यांच्या हातांनी आयुष्यभर केली ती माणसं आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात राहतात, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फिरतात, आणि काय करत होतात म्हणून विचारलं तर म्हणतात, "काही नाही गं, कंपनीत होतो."

माझ्या माहेरी शेती आणि मास्तरकी, कंपनीत कुणीच नव्हतं. कंपनी म्हणजे गेट, बस आणि पगाराची तारीख, एवढंच मला ठाऊक. इंदिरानगरात राहायला आले आणि बघते तर निम्म्या गल्लीच्या बोलण्यात कंपनी. हायवेच्या या बाजूला आम्ही, बोगद्यातून पलीकडे गेलं की सिडको, मग अंबड, पुढे सातपूर. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1962चं. ओझरला एचएएलचा विमान कारखाना 1964मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला. सातपूरला मायको आली, पुढे महिंद्रा आली. द्राक्षांच्या आणि कुंभमेळ्याच्या नाशकात खेड्यापाड्यांतून आयटीआय केलेली पोरं येऊन टर्नर, फिटर, ग्राइंडर झाली. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, 1951 साली सुरू झालेली, जर्मनीच्या बॉशची. 2008मध्ये तिचं नाव बदलून बॉश झालं, पण नाशिकचा रिक्षावाला आजही मायको सर्कललाच सोडतो.

शेजारचे काका तिथलेच. एके दिवशी मी सहज विचारलं, "काका, म्हणजे नेमकं काय करत होतात हो?" ते जरा चमकले. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. पगार विचारला, बोनस विचारला, पोराला चिकटवता येईल का ते विचारलं. काम कुणी विचारलं नाही. बोलता बोलता ते उठलेच आणि मला घेऊन गेले पाथर्डी फाट्याच्या पुढे, ओळखीच्या एका डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात.

तिथे जे पाहिलं त्याने मी वेडी झाले!

काकांनी आधी हात धुतले, साबण लावून, मनगटापर्यंत. मग एक नोझल घेतलं, करंगळीपेक्षा थोडं जाड. त्यातली सुई काढली, स्वच्छ डिझेलमध्ये बुडवली आणि पुन्हा घरात घातली. घर उभं धरलं, सुई एक तृतीयांश बाहेर ओढली आणि सोडून दिली. सुई आपल्याच वजनाने खाली गेली. धपकन नाही की अडखळत नाही, एका संथ लयीत, आणि तळाशी टेकली. काकांनी सुई थोडी फिरवून पुन्हा सोडली. पुन्हा तीच लय. "बास," ते म्हणाले, "ही जमली." मग दुसऱ्या नोझलची सुई त्या घरात घालून दाखवली, तर ती वाटेतच अडकली! दिसायला दोन्ही सुया तंतोतंत सारख्या. पण प्रत्येक सुईचं एकच घर, जोडी एकदा जमवली की आयुष्यभर तीच. अदलाबदल चालत नाही. धुळीचा एक कण त्या फटीत शिरला तरी सुई अडते, म्हणून हात धुणं आधी.

नंतर टेस्टरवर नोझल बसवलं. एक हँडल, एक प्रेशर गेज, बस. "हात मागे घे पोरी," काका एकदम कडक आवाजात म्हणाले. तो फवारा कातडी भेदून मांसात शिरतो. त्यांनी हँडल दाबलं आणि नोझलच्या टोकातून धुकं उडालं, त्याबरोबर एक आवाज आला, चर्रर्र. मी फवाऱ्याकडे बघत होते, तर काका मान कलती करून भिंतीकडे बघत उभे. "बघू नकोस, ऐक." सुई क्षणात कितीतरी वेळा उघडमीट करते, त्याचा तो आवाज. आवाज भरीव, सलग आला तर सुई मोकळी आहे आणि तोंड नीट बसतंय. फाटका आला तर कुठेतरी बिघाड. पुढची नोझल ते नुसत्या कानावर सांगत गेले आणि दुकानातला पोरगा दरवेळी फवारा तपासून मान डोलवत गेला. निवृत्त होऊन इतका काळ लोटला, आणि कान अजून ड्युटीवर!

आता रस्त्यावरून ट्रक गेला की मी मनात म्हणते, आत सुया चालल्यात. तुम्हीही म्हणून बघा, खरंच मजा येते.

या नादात मी मग घरोघर विचारत सुटले. पुढच्या इमारतीतले एक काका एचएएलमधले. भल्या पहाटे बस धरून ओझर गाठायची, अशी सगळी नोकरी गेली. त्यांनी मला हत्यारांचं कपाट कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर त्याच्या आकाराच्या खाचेत. शिफ्ट संपताना एक खाच रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. कारण पाना विमानाच्या पोटात राहिला असेल, तर वर आकाशात त्याची किंमत वैमानिक मोजेल. किती साधी गोष्ट, आणि केवढी जबाबदारी! 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21ला निरोप दिला, तेव्हा काका टीव्हीसमोर उभे राहून बघत होते, असं काकूंनी सांगितलं. आणि मागोमाग, पुढच्याच महिन्यात, ओझरहून तेजस मार्क 1ए हे लढाऊ विमान उडालं. त्याबद्दल सांगताना ते जणू नातवाच्या बारशाचं सांगत होते.

महिंद्रातला एक जण तर अजून नोकरीत आहे. 2002मध्ये स्कॉर्पिओ आली तेव्हा तो नवा होता. पुढे कुठेही लग्नाला गेला की पार्किंगमध्ये आधी त्या गाड्यांच्या दारांच्या फटी बघतो. बायको वैतागते.

बायकांचं सांगायचंच राहिलं असतं! कंपनीची नोकरी एकट्या नवऱ्याची कधीच नव्हती. मायकोवाल्या काकू म्हणाल्या, "आठवडा बदलला की आमचं घरच बदलायचं." फर्स्टला असले की चारला उठून डबा. सेकंडला असले की पोरांची आणि बापाची गाठ रविवारीच. आणि थर्ड शिफ्ट म्हणजे दिवसाढवळ्या पडदे ओढलेले, कुकरच्या शिट्ट्या बंद, पोरांनी खेळायचं ते बाहेर. दारावरची बेल काढून ठेवायच्या त्या. बॉश कंपनीचे संस्थापक रॉबर्ट बॉश यांनी श्टुटगार्टला 1906मध्येच आठ तासांचा दिवस लागू केला होता, हे वाचून मी भारावून गेले. पण ते आठ तास सांभाळायला इथे इंदिरानगरात उरलेले सोळा तास कुणीतरी जागतं ठेवत होतं. त्या डब्यांची नोंद कुठल्या मस्टरवर असेल?

आणखी एक सांगते, मग थांबते. यांच्यातले एक जण कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचे संचालक होते. मुलीचं लग्न, घराचं बांधकाम, सगळं पतपेढीच्या कर्जावर. त्यांच्याशी बोलून झाल्यावर मी पांडवलेण्यांवर गेले, घरापासून लांब नाहीच. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना दरवर्षी वस्त्रासाठी बारा-बारा कार्षापण द्यायचे. मी तिथेच हिशोब केला. दोन हजारांचे महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोब्बर! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या परिसरात कामकरी लोकांची संघटना इतकी भरवशाची होती, की राजाचा जावई तिच्याकडे पैसे ठेवत होता. संचालक काकांना फोन करून सांगितलं, तर ते पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "व्याजदर चांगला होता गं."

या रविवारी ओझरवाले काका त्यांच्या एका मित्राला आमच्याकडे घेऊन येणार आहेत. ते सुखोईच्या जुळणीवर होते. प्रश्नांची वही तयार आहे. रिव्हेट बरोबर बसलाय हे हाताला कसं कळतं, रात्रपाळीत तीनच्या सुमाराला डोळा लागू नये म्हणून काय करायचे, खंडेनवमीला पूजा कुठल्या हत्याराची करायचे, नव्या पोराच्या हातात पहिलं काम कोणतं द्यायचे. तुमच्या घरात, शेजारात कुणी "कंपनीत होतो" म्हणणारं असेल, तर त्यांनाही एवढं विचारून घ्या आणि मला कळवा.