बाळंतिणीचे दार

जिना चढताना शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आला आणि हातातली भाजीची पिशवी तशीच धरून मी मधल्या चौकात उभी राहिले. खालच्या बिऱ्हाडात लेक बाळंतपणाला आली होती. पुढे बाळाला पाहायला गेले तेव्हा ती भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, कानांत इअरफोन घालून बसलेली, तिची आई हलक्या आवाजात म्हणाली, "श्वासाकडे लक्ष ठेवायचं असतं म्हणे. दिवस होते तेव्हापासून शिकतेय, अंगावर पाजताना मन घाबरं होऊ नये म्हणून."

जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानाच्या बौद्ध परंपरेला रुग्णांच्या सेवेत रुजू केले, आणि नॅन्सी बार्डाके या सुईणीने पुढे ती शिकवण गर्भवतींच्या वर्गांत नेली. मूल छातीशी धरताना प्रथम उठणारी कळ, खांद्यांतला ताठा, "मला दूधच नाही" हा मनात शिरणारा विचार, या साऱ्यांची केवळ नोंद घ्यायची, त्यांच्याशी भांडायचे नाही आणि त्यांच्या मागेही जायचे नाही, असा त्या अभ्यासाचा मथितार्थ. तो मला पटतो.

परंतु मला आठवत राहते ती आमच्या वाड्यातली माजघरामागची काळोखी खोली, आत बाजेवर आत्या, बाजेखाली शेगडी, आणि उंबऱ्याशी वाती वळीत बसलेली माझी आजी. तिच्या परवानगीवाचून आत कोणाचा रिघाव नसे. आत्याला दुसरीही मुलगी झाली तेव्हा तिच्या सासरहून आलेले पत्र आजीने माझ्या काकांकडून हलक्या आवाजात वाचून घेतले, घडी घालून वातींच्या डब्यात ठेवले, आणि सव्वा महिना उलटून आत्या हिंडू-फिरू लागेपर्यंत त्या पत्राचा उच्चारही घरात होऊ दिला नाही. "तिचं मन थाऱ्यावर आहे तोवर पान्हा आहे," एवढेच तिचे त्यावर स्पष्टीकरण. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी स्तन्य नाश पावते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. आजीला अक्षरओळखही नव्हती.

माझ्या वेळी दाराशी कोणी नव्हते. प्रसूतिगृहाच्या त्या खोलीत येणारी-जाणारी बाई मला एकच प्रश्न विचारी, "पुरतं का गं?" आणि सासरच्या एक वयस्क आप्त तर पिकाची आणेवारी लावायला आलेल्या तलाठ्याप्रमाणे माझ्याकडे व बाळाकडे आळीपाळीने पाहत आणि सुस्कारा टाकून उठत. त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला, तरी तो सुस्कारा मी त्यांना माफ केलेला नाही, आणि करण्याची तजवीजही नाही.

अमेरिकेत नाइल्स आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने 1948 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो वाचताना मला हसू आवरेना. अंगावर पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, अंगठे ओढायचे, भराभर गणिते घालायची, आणि बाळाला दूध किती मिळाले ते मोजायचे. ती आई म्हणजे स्वतः नाइल्सच. दूध कमी मिळाले. ऑक्सिटोसिन टोचले तेव्हा पुन्हा वाहू लागले. म्हणजे दूध तयार असते, परंतु त्याला वाट देणारा हा स्राव मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिकेतून सुटावा लागतो, आणि भीतीने, वेदनेने नेमका तोच अडतो. आमच्या आप्तांनी बर्फाचा खर्च वाचवला, इतकेच.

म्हणूनच खालच्या मुलीच्या त्या अभ्यासाकडे पाहताना माझे मन द्विधा होते. जे काम उंबऱ्यावर बसून एक खमकी बाई करीत असे, ते आता ओल्या बाळंतिणीने स्वतःच, स्वतःच्या आत बसून, रात्रीच्या जागरणांनी तारवटलेल्या डोळ्यांनी करायचे आहे. तिची शिकवणी झाली. घरातल्यांची कोणी घेतली? मी बसले असतानाच फोन वाजला, पडद्यावर सासूबाई अवतरल्या, आणि नमस्कार-चमत्कार होण्यापूर्वीच विचारत्या झाल्या, "पुरतंय ना?" मुलीने एक दीर्घ श्वास घेतला. श्वासाची नोंद तिने घेतली असेलही. मला मात्र तो फोन वातींच्या डब्यात टाकावासा वाटला.

एसटीच्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसते तेव्हाही मी अशीच अडखळते. रायगडावर दूध घालायला गेलेली ती गवळण. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, हुकुमावाचून ते उघडायचे नाहीत असा दस्तूर, आणि खाली घरी तान्हे मूल. ती कडा उतरून गेली, महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधवला, अशी आख्यायिका. कौतुक कड्याचे होते. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याला, लेकुरवाळीला दिंडी का उघडून दिली नाहीस, असे कोणी विचारल्याचे कथेत नाही. आजी ही गोष्ट सांगे तेव्हा बुरूज आणि साडीचोळी दोन्ही गाळून टाकी. तिची हिरकणी काट्यांनी ओरबाडलेली, थरथरत घरी पोचे. थोरली जाऊ तिला आधी ऊन पाणी देई, मग ओसरीवर जमलेल्या बायांना "काय बघता, घरी जा" म्हणून पिटाळी, आणि दार लोटून घेतल्यावर मगच मूल तिच्या पदराखाली देई.