चाक, धाव आणि एक चिठ्ठी

बैलगाडीच्या चाकाला मराठीने किती शब्द दिले! मध्ये तुंबा, त्यात रोवलेले आरे आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव झिजायची, कारण ती झिजण्यासाठीच असायची. स्पोर्ट्‌स कारच्या चाकाला मात्र आपण 'मॅग व्हील' म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्यात हल्ली मुख्यतः ॲल्युमिनियम असते.

हा शब्दविचार सुचला तो आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या या मुलाने व्यवसायात जम बसल्यावर एक जुनी, दोन आसनी स्पोर्ट्‌स कार घेतली. रविवारी पहाटे तो ती पाम बीच मार्गावर वाशीकडून बेलापूरपर्यंत नेतो. "सर, मॅडम, ऑटोमॅटिक वॉशिंगला घातली तर चाकं खराब होतील का हो?" असे त्याने आम्हा दोघांना विचारले. प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांना का, हे तोच जाणे. पण वाचणे हा आमचा धंदा आहे; आम्ही वाचू लागलो.

पहिली संहिता टायरवरच होती : २४५/३५ आर १९. टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ८६ मिलिमीटर, आणि चाकाचा व्यास १९ इंच. साऱ्या प्रश्नाचे मर्म या तीन आकड्यांत आहे. गाडी पट्ट्यावरून ओढत नेणाऱ्या बोगद्यासारख्या केंद्रात चाक दोन लोखंडी कठड्यांमधून जाते. साध्या गाडीचा फुगीर टायर कठड्याला घासतो आणि चाक वाचते. इथे टायर इतका बुटका आणि चाक इतके रुंद, की धातूची कडाच कठड्याला भिडू शकते. गाडी जागेवर उभी राहते आणि चौकट तिच्यावरून फिरते, त्या प्रकारात हे भय बरेच कमी.

मग ब्रशांचे. ब्रश स्वतः मऊ असतो, पण आधीच्या गाडीची रेती त्यात अडकलेली असते. ब्रश नको म्हणून निव्वळ फवाऱ्याची धुलाई घ्यावी, तर घासण्याची उणीव रसायनाने भरून काढतात. ॲल्युमिनियमला तीव्र आम्लही सोसत नाही आणि तीव्र अल्कलीही. त्याला वाचवतो तो वरचा पारदर्शक लेप. त्याला एक चरा गेला, की खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस आत शिरतो आणि लेपाखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा सरपटू लागतात. सारांश, अधूनमधून, दुसऱ्या प्रकारच्या केंद्रात, सौम्य साबण आहे असे विचारून गाडी घालावी. चाके मात्र गार झाल्यावर हातानेच धुवावीत.

'हाताने' हा शब्द आम्ही सहज लिहिला. कोणाच्या हाताने? 'गाडी धुतली जाते' या वाक्यात कर्ता लपतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. नवी मुंबईच्या सोसायट्यांत हा कर्ता पहाटे पाचला बादली घेऊन येतो. एका सकाळी वीस-पंचवीस गाड्या, एकच फडके. म्हणजे यंत्राच्या ब्रशाचा दोष त्याच्याही फडक्यात आहेच; पण गाडीमागे महिन्याला काही शे रुपये मिळणाऱ्याने प्रत्येक चाकाला वेगळे पाणी घ्यावे, ही अपेक्षा आम्हाला तरी उच्चारवत नाही.

विद्यार्थ्याच्या सोसायटीतला हा माणूस मराठवाड्यातला, सातवीपर्यंत शिकलेला. ब्रेकची काळी भुकटी चाकाला चिकटून बसते (ती डिस्क आणि पॅड झिजून उडालेल्या लोखंडाची असते), म्हणून मालकाने त्याला एक परदेशी बाटली आणून दिली होती. तो ती उघड्या हातांनी वापरत होता. बाटलीवर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेले. या द्रव्याची गोष्ट अशी, की सौम्य प्रमाणात ते कातडीला लागल्यावर कित्येक तास दुखतही नाही; तोवर ते आत उतरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते. दुखू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

बाटली बदलायला आम्ही सांगितलेच. पण शिल्लक बाटली फेकली जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्या मजकुराचे मराठी करायला बसलो. पारिभाषिक मराठीत 'संक्षारक' असा शब्द आहे. तो बाजूला ठेवला. 'दाहक'ही नको, कारण दाह लगेच होतो असे त्यातून वाटते आणि इथे धोका नेमका उलटा. शेवटी चिठ्ठी अशी झाली : "हे औषध हाताला लागू देऊ नका. लागले तर दुखत नाही, तरी आत जाळते. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि बाटली घेऊन दवाखान्यात जा."

'औषध' या शब्दावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. पण तो माणूस त्या द्रवाला औषधच म्हणत होता. चिठ्ठी त्याने मोठ्याने वाचली आणि विचारले, "मग साहेब हातमोजे देणार का?"

विद्यार्थ्याने त्याच दिवशी वाशीच्या बाजारातून जाड रबरी हातमोज्यांचे दोन जोड आणले. चार चाकांचे पैसे आता वेगळे ठरले आहेत; किती, ते त्या दोघांनी आम्हाला सांगितलेले नाही.