राजाची मोटार आणि आपली फटफटी

इंग्लंडचे राजे चार्ल्स यांच्याकडे एक जुनी अ‍ॅस्टन मार्टिन आहे. डीबी-६ व्होलांटे, उघड्या टपाची. २१ व्या वाढदिवसाला आईने, म्हणजे राणी एलिझाबेथ यांनी दिलेली. २०११ साली लग्नानंतर प्रिन्स विल्यम केटला शेजारी बसवून राजवाड्याबाहेर पडले, ते हीच गाडी चालवत. फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

ही गाडी ई-८५ वर चालते. म्हणजे ८५ टक्के इथेनॉल, १५ टक्के पेट्रोल. इथेनॉल कशाचं? तर उरलेल्या पांढऱ्या वाइनचं आणि चीज करताना निघणाऱ्या पाण्याचं! चार्ल्स यांनीच मुलाखतीत सांगितलंय. इंजिनिअर आधी म्हणाले होते, गाडीची वाट लागेल. चार्ल्स हटून बसले. काम झालं, आणि आता गाडी आधीपेक्षा चांगली पळते हे इंजिनिअरही मान्य करतात, असं ते सांगतात.

आपण ऊसपट्ट्यातली माणसं. तिकडे वाइन, इकडे मळी आणि उसाचा रस. शेवटी इथेनॉल ते इथेनॉलच.

पण इंजिनिअर लोक जुन्या गाडीत इथेनॉल म्हटलं की कचरतात, त्याला कारणं आहेत. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. ते जळायला हवाही कमी लागते, म्हणून ई-८५ साठी कार्बोरेटरचे जेट मोठे करावे लागतात. जुने रबरी पाइप, वॉशर फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीला गंज धरतो. हे सगळं सुधारता येतं. उलट इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नीट जुळवलं तर इंजिन जोरात चालतं.

थोडक्यात, आधी गाडीत बदल, मग टाकीत.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलंही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं, की मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के कमी होईल. जुन्या गाड्यांसाठी ई-१० मिळत राहावं, असंही त्यात होतं. आज पंपावर ई-१० मागून बघा! वेगळा पर्याय द्या म्हणणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. साखर विकली जाईपर्यंत कारखान्याला थांबावं लागतं, इथेनॉलचा पैसा लवकर येतो, आणि उसाचं बिल वेळेवर निघायला त्याची मदत होते. आपल्या तालुक्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पण तोच ऊसवाला शेतकरी पंधरा वर्षांच्या फटफटीवर दुधाची किटली अडकवून डेअरीला जातो. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गॅरेजमध्ये जायला नको, एवढंच म्हणणं आहे.

मागणी साधी आहे. पंपावर ई-१० चा एक तरी नोझल ठेवा. लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, तर दरही त्या मानाने कमी करा. जुन्या गाड्यांचे पाइप, वॉशर बदलून द्यायची सोय कंपन्यांकडून माफक दरात करून घ्या. राजाच्या एका गाडीसाठी इंजिनिअर बसले. आपल्या लाखो गाड्यांसाठी फक्त चौकातला मेकॅनिक आहे.

मंडळी, तुमची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर पेट्रोलचा पाइप एकदा तपासून घ्या. आणि अ‍ॅव्हरेजमध्ये फरक पडला असेल तर गाडीचं मॉडेल, साल, आधीचं आणि आत्ताचं अ‍ॅव्हरेज कॉमेंटमध्ये लिहा. नुसता संताप नको, आकडे द्या. बातमी आकड्यांवर उभी राहते.