बॅग कोणी भरली?



२०२३ च्या जून महिन्यातली गोष्ट. माझी नात घरी आली आणि म्हणाली, "सावता, मी अमेरिकेला चालले." एरवी ती मला सावता म्हणते, काही हवं असलं की आजी. म्हणून मी निश्चिंत होते. चहा पिऊन झाल्यावर मात्र हळूच म्हणाली, "आजी, बॅगेत काय काय नेऊ, सांगशील?"

ती नगरपालिकेत नकाशे काढते. पूर्वीसारखे कागदावर नव्हे, कॉम्प्युटरवर. कुठल्या रस्त्याखालून पाण्याचा नळ जातो, गटार कुठे, शाळा कुठे, हे सगळं ती पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं पडद्यावर दाखवते. हे काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते कॅलिफोर्नियातल्या एस्री कंपनीचं. जॅक आणि लॉरा डेंजरमंड या नवरा-बायकोने १९६९ मध्ये ती कंपनी काढली. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं संमेलन १९८१ पासून भरतं. त्या वर्षी ते १० ते १४ जुलै असं सॅन डिएगो शहरात होतं. आपल्या मराठीत साहित्य संमेलन भरतं ना, तसंच हे नकाशेवाल्यांचं समजा. जगभरातून हजारो माणसं येतात, नवीन काय निघालं ते शिकतात आणि आपापले नकाशे घेऊन येतात. ते एका मोठ्या दालनात टांगतात, येणारे-जाणारे उभे राहून बघतात.

नातीचाही एक नकाशा तिथे लागणार होता. तो नगरपालिकेच्या नळांचा नव्हता, आपल्या आडनावांचा होता. कोकणच्या किनाऱ्यावर जिथे जिथे आपली माणसं राहत होती, त्या त्या गावावर एक ठिपका आणि बाजूला आडनाव. पेण आणि पेणकर, रोहा आणि रोहेकर, दिवेआगर आणि दिवेकर, किहीम आणि केहीमकर, नवगाव आणि नवगावकर, चौल आणि चेऊलकर. नात इथेच जन्मलेली, मराठी बोलणं समजतं पण वाचता येत नाही. तरी तिला हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटलं.

मी लगेच कामाला लागले. दोन दिवसांत माझ्या पलंगावर ढीग जमला. पोह्यांचा चिवडा, लिंबाचं लोणचं, चार आंबे, जाड स्वेटर, छत्री, ताप-खोकल्याची औषधं, बँडेज, शब्बाथच्या मेणबत्त्या, माझा जुना सिद्दूर, दोन टॉवेल आणि इस्त्री. तिची मोठी बॅग मी अर्धी भरूनही ठेवली. नात आली, बघितलं आणि हसली नाही. म्हणाली, "सावता, विमानतळावर पहिला प्रश्न काय विचारतात माहीत आहे ना? बॅग कोणी भरली? मी काय सांगू, आजीने भरली?"

मला राग आला. चाळीस वर्षं मी वॉर्डात काम केलं, काय लागेल ते मला कळत नाही? पण रात्री पडल्या पडल्या मला माझी स्वतःची पेटी आठवली.

मी १९७२ साली मुंबईहून आले. शाळा मराठीतून झाली, नर्सिंगची तीन वर्षं मुंबईच्याच इस्पितळात. निघताना माझ्या आईने सामान भरलं. विमानात वीस किलोच चालत, म्हणून बाकीचं लोखंडी पेटीत घालून बोटीने पाठवलं. पितळेचे डबे, पुरणयंत्र, पाट्याचा वरवंटा, साड्या. आणि अगदी खाली, ओलावा लागू नये म्हणून साडीत गुंडाळून, माझी नर्सिंगची सर्टिफिकिटं! आईला वाटलं, मोलाची वस्तू, पेटीतच सुरक्षित. मी विचारलंही नाही.

लोद विमानतळावर उतरले ती दोन पोलकी आणि एक वरवंटा घेऊन. हो, वरवंटा ऐन वेळी माझ्या पिशवीत आला होता. तेव्हा सुएझचा कालवा बंद होता, १९६७ पासून १९७५ पर्यंत. पेटी कधी येईल ते कोणी सांगेना. इस्पितळात मी सांगितलं की मी शिकलेली नर्स आहे. त्यांनी हात पुढे केला, कागद दाखव. कागद पेटीत होता. पाच महिने मी त्याच इस्पितळात मदतनीस म्हणून बेडपॅन धुतले आणि जमिनी पुसल्या. त्या कामाची लाज नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर चुकीच्या पद्धतीने ड्रेसिंग व्हायचं आणि मला बोलायचा अधिकार नव्हता. पेटी आली तेव्हा सर्टिफिकिटांना साधी घडीसुद्धा पडली नव्हती.

आईला मी कधी दोष दिला नाही. तिने प्रेमाने भरलं. पण ती बॅग माझी होती आणि ती मी भरायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी नातीला बोलावलं. माझा ढीग उचलला, रिकामी बॅग पलंगावर ठेवली आणि मी खुर्चीवर बसले. म्हटलं, "तू भर. मी फक्त प्रश्न विचारते."

बालमित्रांनो, तुम्हीही कधी दूर जाल, म्हणून ते प्रश्न इथे लिहिते.

पहिला प्रश्न : कुठली वस्तू हरवली तर तुझं काम अडेल? ती हातातल्या पिशवीत. पासपोर्ट, लॅपटॉप, चष्मा, रोजची औषधं. औषधं मूळ खोक्यातच असावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव हवं, कंपनीचं नको. आपण भारतात ज्याला क्रोसिन म्हणायचो, ते इथे अकामोल आणि अमेरिकेत टायलेनॉल. औषध एकच, पॅरासिटामॉल, पण अमेरिकन लोक त्यालाही असिटामिनोफेन म्हणतात. आपलं ऑप्टाल्जिन तर तिथे दुकानात मिळतच नाही. कोणाला इन्सुलिन लागत असेल तर ते सामानाच्या बॅगेत कधीही घालू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. फोनला चार्ज करायची पॉवर बँकही हातातच ठेवायची, तिच्या बॅटरीने पेट घेतला तर निदान कोणाला दिसेल.

दुसरा प्रश्न : ही वस्तू तिथे चालेल का? माझे आंबे इथेच बाद झाले. ताजी फळं अमेरिकेत आत नेऊ देत नाहीत. लोणचंही राहिलं, तेल सांडलं तर सगळे कपडे गेले. इस्त्री बाद, कारण आपली वीज २३० व्होल्टची, तिथली १२०. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, फक्त खाचेत बसणारी पिन वेगळी लागते. केस सरळ करायचं यंत्र मात्र तापणार नाही, असं मी म्हटलं. नातीने ऐकलं नाही, बॅगेत टाकलं. मी गप्प बसले. बॅग तिची.

तिसरा प्रश्न : तिथे विकत मिळतं ते कशाला नेतेस? छत्री, टॉवेल, बँडेज बाहेर. मेणबत्त्या मात्र राहिल्या. संमेलन शुक्रवारी संपणार, म्हणजे तो शब्बाथ तिथेच. परक्या गावात शुक्रवारी दुपारी मेणबत्त्या शोधत फिरायचं कोणी सांगितलंय? कोशेर जेवण हवं असं तिने नोंदणीच्या वेळीच कळवलं होतं. तरी चिवडा घेतला, तो तिनेच मागितला. स्वेटर ठेवला. जुलै असला तरी अशा मोठ्या दालनात एसीची थंडी वाजते. बूट मात्र जुने, पायाला सरावलेले. संमेलनात दिवसभर चालावं लागतं, नवे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात. पंधरा तासांच्या विमानप्रवासासाठी पायाला घट्ट बसणारे मोजे मी सुचवले, आणि दर दोन तासांनी उठून चालायचं, म्हणजे पायात रक्त साकळत नाही.

मग मी विचारलं, "आणि नकाशा?"

तो तिने एका लांब नळकांड्यात गुंडाळून आणला होता, उंची माझ्या छातीपर्यंत. म्हणाली, "हा सामानात देईन." मी काहीच बोलले नाही, फक्त पहिला प्रश्न परत विचारला. तिने नळकांडं उघडून नकाशा जमिनीवर पसरला, घडी घालता येते का बघायला. मी चष्मा लावून खाली वाकले. इंग्रजी अक्षरांत गावं वाचत गेले. रोह्यापाशी थांबले.

"अगं, आष्टमी कुठे?"

अष्टमकर हे आडनाव तिने रोह्याच्याच ठिपक्याला लावलं होतं. मी म्हटलं, रोहा कुंडलिका नदीच्या एका काठावर, आष्टमी दुसऱ्या काठावर. मध्ये नदी आहे बाई! माझी आई अष्टमकरांची. तिला कोणी रोह्याची म्हटलं तर ती दुरुस्त करायची. नात बराच वेळ बसून राहिली. निघायला चार दिवस होते. मला वाटलं म्हणेल, एवढंसं काय, कोणाला कळणार आहे? पण तीच म्हणाली, "मला कळलं ना आता."

दुसऱ्या दिवशी तिने नकाशा दुरुस्त करून परत छापला, या वेळी कापडावर. हल्ली तसं छापून मिळतं. आष्टमीला नदीपलीकडे स्वतःचा ठिपका मिळाला. साडीची घालतो तशी चौपदरी घडी मी तिला शिकवली, आणि तो नकाशा तिच्या पाठीवरच्या पिशवीत, लॅपटॉपच्या शेजारी बसला.

शनिवारी शब्बाथ संपल्यावर ती निघाली. विमानतळावर तिला विचारलं, बॅग कोणी भरली? "मी." कोणी काही दिलं आहे का? "सावताने चिवडा." ती विचारणारी मुलगी म्हणे हसली.

सोमवारचं तिथलं संमेलन आणि इथली रात्र, दहा तासांचा फरक. तिचा फोन आला तेव्हा मी जागीच होते. नकाशा लागला होता. स्वेटर अंगावर होता. केसांचं यंत्र तापलं नव्हतं.

त्या रात्री मला आपल्या सात जोडप्यांची आठवण झाली. आपले वाडवडील सांगत आले की नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या, भांडी, कपडे, सगळं समुद्रात गेलं. हातात काहीच नव्हतं. तरी शेमा तोंडपाठ होता, शब्बाथ कोणत्या दिवशी ते माहीत होतं, म्हणून तर लोक आपल्याला शनिवार तेली म्हणू लागले. त्यांची बॅग कोणी तपासली असती तर रिकामीच निघाली असती.

पहिला, कागदाचा नकाशा नातीने मला दिला. तो माझ्या स्वयंपाकघरात लावला आहे. कुंडलिकेच्या पलीकडे मी लाल पेनाने ठिपका काढला आणि मराठीत लिहिलं, आष्टमी. त्यावर अजून पुष्कळ गावं नाहीत. मुलांनो, तुमच्या आजी-आजोबांना तुमचं गाव विचारा, कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर तेही विचारा, आणि मग माझ्याकडे या. लाल पेन तिथेच टांगलेलं आहे. ठिपका मात्र तुम्ही स्वतः काढायचा.