वाडन समुद्राच्या कांठीं

हॉलंडच्या उत्तरेस ग्रोनिंगेन प्रांतांतील बांधावरून आम्हीं वाडन समुद्र पाहिला. त्यास समुद्र म्हणावें तें भरतीपुरतेंच. ओहोटी लागली कीं कोसच्या कोस चिखल उघडा पडतो आणि वाळूच्या उंचवट्यांवर सील नांवाचे प्राणी ऊन खात पडतात. डच लोक सीलला 'झेहोंड', म्हणजे अक्षरशः समुद्रश्वान, म्हणतात. हा समास कोणा कोळ्यानें केला असेल. पण पुढें तो विलक्षण रीतीनें सार्थ झाला.

सन १९८८ च्या एप्रिलांत डेन्मार्कच्या आनहोल्ट बेटावर सीलचीं पिलें अकालीं मृत जन्मूं लागलीं. मग मोठेही धापा टाकीत मरूं लागले. पाहतां पाहतां साथ वाडन समुद्रांत शिरली, आणि त्या वर्षांत एकंदर सुमारें १८,००० सील मेले. कारखान्यांच्या सांडपाण्यासही पुष्कळांनीं दोष दिला. परंतु आल्बर्ट ऑस्टरहाउस व त्यांचे सहकारी यांस आजारी सीलच्या रक्तांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूचा प्रतिकार करणारीं द्रव्यें सांपडलीं. समुद्रश्वानास श्वानाचाच रोग! मात्र विषाणूची बारकाईनें तुलना होतां तो सख्खा नव्हे, चुलत ठरला. म्हणून त्यास 'फोसाइन डिस्टेंपर' असें स्वतंत्र नांव मिळालें.

घराणें ओळखीचें निघालें. मॉर्बिलीव्हायरस या कुळांत मुलांचा गोवर आहे. आपल्याकडील गोठे ओस पाडणारी गुरांची बुळकांडीही त्यांतलीच. ती पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें २०११ सालीं जाहीर झालें. 'मॉर्बिली' हें लॅटिन 'मॉर्बस' म्हणजे रोग या शब्दाचें लघुत्वदर्शक रूप. आपण अल्पार्थीं 'क' लावून 'रोगक' म्हणावें तसें. अशा घातकी कुळास इतकें लाडिक नांव आम्हांस तरी रुचत नाहीं.

ही चिकित्सा केवळ पंडिती नव्हे. १९८७-८८ मध्येंच सायबेरियांतील बैकाल सरोवरांतही सील मेले. लक्षणें तींच, साहजिकच साथ एकच वाटावी. पण तेथील विषाणू खरोखर कुत्र्यांचाच निघाला. उलट युरोपांतील विषाणू उत्तरेकडून खालीं उतरलेल्या हार्प सीलांबरोबर आला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

चुलत नात्याचा एक उपयोगही झाला. कुत्र्यांच्या विषाणूपासून केलेली लस टोंचलेले सील या नव्या रोगांतून बचावले. पण ते शुश्रूषेसाठीं कोंडलेले होते. २००२ सालीं रोग पुन्हा आनहोल्ट येथेंच प्रकटला. या वेळीं त्याचें नांव ठाऊक होतें. तरीही अंदाजें ३०,००० सील गेले.