जुन्या प्रोसेसरची गती आणि आमचा वैशाख

आमचे गुडीहत्नूर नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसले आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा येथे एकाच बाजारात कानी पडतात आणि कापूस हे बहुतेक घरांचे पीक आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या हवेची कीर्ती वाचकांस ठाऊक असेलच. थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तर वैशाखात तो पंचेचाळीसपर्यंत चढतो. या हवेचा आणि घरातील संगणकाचा संबंध फार निकटचा आहे. त्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

माझा पुतण्या लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देण्याचा व्यवसाय करतो. त्याच्या संगणकातील प्रोसेसर इंटेल कंपनीचा कोअर आय-५ २५०० के, म्हणजे २०११ साली बाजारात आलेला. एकेका चित्रफितीस रात्रच्या रात्र लागू लागली; नवे यंत्र घ्यावे तर गाठीस तेवढा पैसा नाही. गेल्या डिसेंबरात तो मला म्हणाला, "काका, याच प्रोसेसरची गती वाढविता येते म्हणतात. तुम्ही जरा पाहाल का?" यालाच ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. संगणक दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्याने मी होकार दिला. मात्र अट घातली की, घाई करावयाची नाही.

प्रोसेसर ठेक्यावर काम करतो. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांना ज्याचे जनक म्हणतात, तो पेंटियम १९९३ साली आला, तेव्हा त्याचा वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ होता. ६६ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास ६ कोटी ६० लाख ठोके. पुतण्याच्या प्रोसेसरचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्या पन्नासपट. कारखान्यातून निघणारे सर्व प्रोसेसर सारख्याच गुणाचे निघत नाहीत. म्हणून जो वेग सर्वांस निश्चित झेपेल, तोच कंपनी त्यांवर लिहिते, आणि कित्येकांत थोडी शक्ती शिल्लक राहते. १९९८ सालचा सेलेरॉन ३०० ए याच कारणाने गाजला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की, ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर चाले.

परंतु ही शिल्लक फुकट मिळत नाही. प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढविल्यास ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चारही गाभे कामास लागले की, आमचा प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झवर चालतो. तो ४ वर नेला, तर गती सुमारे १८ टक्क्यांनी वाढेल आणि दहा तासांचे काम साडेआठ तासांत होईल. त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावे लागले, तर उष्णता मात्र सुमारे ४२ टक्क्यांनी वाढेल. मिळकत आणि खर्च यांचा हा हिशोब प्रथम कागदावर मांडावा.

आम्ही कामास लागलो ते असे. आधी प्रोसेसरच मंद आहे ना, हे पाहिले. कारण पुष्कळदा दोष अपुऱ्या मेमरीचा किंवा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. सर्व चित्रफितींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली. मग पेटी उघडून साफ केली. आमच्याकडे कापसाचे तंतू हवेत तरंगतात आणि पंख्याखालच्या पात्यांत त्यांचा जणू थर बसतो. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि मूळच्या छोट्या पंख्याच्या जागी मोठा उभा कूलर बसविला. वीज येथे कमीजास्त होत असते, म्हणून यूपीएस होताच.

या प्रोसेसरच्या नावातील 'के' अक्षराचा अर्थ असा की, त्याचा गुणक मोकळा आहे; मदरबोर्डही तशी मुभा देणारा पाहिजे. १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आम्ही तसाच राहू दिला, कारण इतर भागही त्यावरच चालतात. बायोसमध्ये गुणक एकेका पायरीने चढविला. प्रत्येक पायरीवर 'प्राईम९५' ही चाचणी चालविली. मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या उपक्रमाचा हा प्रोग्राम आपलेच गणित तपासतो आणि चूक झाल्यास सांगतो. व्होल्टेज अगदी गरजेपुरतेच वाढविले. काही बिघडलेच, तर बायोसची स्मृती पुसून मूळ स्थितीवर येता येते, हेही पुतण्यास आधीच करून दाखविले.

गुणक ४० असताना सहा तासांची चाचणी निर्दोष पार पडली; तापमान ६४ अंश. पुतण्या आनंदून म्हणाला, "काका, इतरांनी साडेचार गिगाहर्ट्झ गाठले आहेत!"

मी त्याला भिंतीवरचे तापमापक दाखविले. खोलीत त्या वेळी २२ अंश होते. मे महिन्यात याच खोलीत ४० असतात. खोली जितकी तापेल, जवळजवळ तितकाच प्रोसेसर अधिक तापतो. म्हणजे आजचे ६४ अंश वैशाखात ८२ होतील. शंभराच्या आसपास प्रोसेसर आपण होऊन गती कमी करतो, हे खरे. पण त्या कडेवर त्याला महिनोन् महिने राबविणे शहाणपणाचे नव्हे. आणि लग्नसराई तर नेमकी त्याच दिवसांत!

याहून मोठी गोष्ट निराळीच होती. अस्थिर प्रोसेसर दर वेळी बंद पडून इशारा देतोच असे नाही. कधी तो मुकाट्याने चुकीचे गणित करतो आणि चित्रफितीचा एखादा भाग खराब होऊन जातो. ज्यांनी विश्वासाने आपल्या लेकीच्या लग्नाचे चित्रण हाती दिले, त्यांना काय सांगावयाचे? लग्न काही पुन्हा लावता येत नाही. "तू वाढवितोस ती गती तुझी," मी म्हणालो, "पण जोखीम परक्याच्या ठेवीची आहे." तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानेच वही घेऊन दोन ओळी लिहिल्या: थंडीत गुणक ४०, होळीनंतर ३६ आणि व्होल्टेज मूळचे.

ती वही आजही संगणकाशेजारी आहे. तीत तो दर आठवड्यास खोलीचे व प्रोसेसरचे तापमान लिहितो, आणि मूळ चित्रणाची प्रत गिऱ्हाइकाच्या हाती काम पडेपर्यंत पुसत नाही. वाचकहो, आपल्या घरातील मुलाने जुन्या संगणकाची गती वाढविण्याचा हट्ट धरला, तर त्याला एकदम नाही म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, खोलीतील पारा पाहा, आणि त्या यंत्रात कोणाकोणाची ठेव आहे हे त्याला विचारा.