ऐकणाऱ्याने का मोजावे?

शब्दाला मोल असते हे आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो; परंतु शब्दाला दर असतो आणि तो घड्याळावर मोजला जातो, हे आपणांस दूरध्वनीने शिकविले. कोरेगाव तालुक्यातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसांची संख्या मोठी. रात्री दर उतरले की त्यांची माणसे इकडे एसटीडी बूथपुढे रांग लावीत. मुलाशी बोलणाऱ्या आईचे अर्धे लक्ष मुलाकडे आणि अर्धे यंत्रावर सरकणाऱ्या तांबड्या आकड्यांकडे असे.

पुढे मोबाईल आला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले, तो आपल्या देशातला या सेवेचा प्रारंभ. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता. शिवाय ज्याला फोन येई त्यालाही पैसे पडत. मे २००३ पासून ही रीत पालटली. जो फोन करील त्याने पैसे द्यावेत, ऐकणाऱ्यास काही पडू नये, असे ठरले. गरिबाच्या घरात मोबाईल शिरला तो या नियमामुळे. आई नुसती घंटी वाजवून फोन ठेवी आणि मुलगा तिकडून उलट फोन करी. ‘मिस्ड कॉल’ हा शब्द अक्षरशत्रू माणसांच्याही तोंडी रुळला.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध विधवा भगिनीने मागे आम्हांस विचारले, “फादर, मी कुणाला फोन करीत नाही. पोरगाच करतो. मग दर महिन्याला पैसे माझ्याकडून का घेतात?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ते बरेच खोल असल्याचे आढळले.

मुलाची कंपनी एक आणि आईची दुसरी असेल, तर पूर्वी मुलाच्या कंपनीला आईच्या कंपनीस फोन पोहोचविल्याबद्दल मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यावी लागे. २००९ साली ती २० पैसे झाली, २०१५ साली १४, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. म्हणजे आईच्या बाजूच्या मनोऱ्याचा खर्च काही अंशी मुलाच्या खिशातून निघत असे. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनी आली. तिने बोलणे फुकट ठेवून केवळ इंटरनेटचे पैसे घेण्याची पद्धत पाडली. बोलण्यातून मिळकत उरली नाही. तेव्हा २०१८ च्या अखेरीपासून जुन्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. आता पैसे बोलण्याचे नाहीत, दार उघडे ठेवण्याचे आहेत. आणि जो केवळ ऐकतो त्यालाही ते चुकत नाहीत.

यात अन्याय आहे काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी रास्त किमतीचा विचार केला आहे. वस्तू दिल्याने विकणाऱ्याची झीज होत असेल तर तिची भरपाई त्याने किमतीत घ्यावी. परंतु आपली काही झीज नसता, केवळ घेणाऱ्याची निकड मोठी म्हणून किंमत वाढवू नये, असा त्यांचा आशय आहे. मनोरा, वीज, माणसांचे पगार यांचा खर्च ती भगिनी बोलो वा न बोलो, होतच असतो. तेवढा तिच्याकडून घेणे गैर नव्हे. परंतु जे इंटरनेट ती कधी उघडणार नाही त्याचेही पैसे तिच्या रिचार्जमध्ये धरावेत, हे त्या कसोटीस उतरत नाही. बँकेचा संदेश आणि गॅसची नोंदणी यांसाठी तो क्रमांक तिला जिवंत ठेवावाच लागतो. ही तिची निकड झाली, कंपनीची झीज नव्हे. त्यातून मुदत २८ दिवसांची असली, की वर्षाला बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात.

नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, याची दखल घेतली आहे. ३० दिवसांच्या मुदतीची एक तरी योजना ठेवावी, असे २०२२ साली सांगण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि संदेश यांपुरते, इंटरनेटविरहित रिचार्ज वेगळे ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आले आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मोकळीकही मिळाली. मात्र म्हाताऱ्या माणसाला ही गोष्ट कोण सांगणार? दुकानदार पुढे करील ते ती घेते. आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी रविवारी मिस्सानंतर पाच मिनिटे काढून शेजारच्या आजीचा फोन पाहिला, तिला इंटरनेट लागते की नाही एवढे विचारून योग्य ते रिचार्ज करून दिले, तर तीही परोपकाराची एक कृती ठरेल.

आणि दूरदेशी असलेल्या मुलांना आमचे एक सांगणे आहे. जो बोलावील त्याने पैसे द्यावेत, हा नियम बाजाराने सोडून दिला असला तरी घराने तो सोडू नये. आपले रिचार्ज करताना आईचेही त्याच दिवशी करावे. मुदत संपल्याचा संदेश तिच्या फोनवर येईपर्यंत थांबू नये. आणि मग, मिनिटांचा हिशेब आता कुणी मागत नाही, तेव्हा तिच्याशी जरा निवांत बोलावे.